नाव खोडल्याने काय साधते? : पटकथास्पर्धांचे पात्रतानियम आणि अनामिक परीक्षण

१

संहितेवरील लेखकाचे नाव खोडले की तिचे परीक्षण निःपक्षपाती होते, ही समजूत आता इतकी रूढ झाली आहे की ती तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली आहे. पटकथास्पर्धांच्या क्षेत्रात तर या समजुतीला श्रद्धेचेच स्थान मिळाले आहे. स्पर्धेच्या नियमावलीत 'शीर्षकपानावर लेखकाचे नाव असू नये' असे एक कलम असते आणि त्याच्या आगेमागे स्पर्धेत भाग कोणाला घेता येईल हे सांगणारी दहा-बारा कलमे असतात. गौरव होतो तो पहिल्या कलमाचा. उरलेली कलमे कचेरीतील कारकुनी मानून सोडून दिली जातात. वस्तुतः लेखक म्हणजे कोण, संहिता कशाला म्हणावे आणि वाङ्मयीन गुणवत्ता कोठे शोधावी, याविषयीची त्या संस्थेची सगळी मीमांसा या दुर्लक्षित कलमांतच दडलेली असते.

मराठीत 'पात्र' हा शब्द नाटकातील व्यक्तीलाही लागतो आणि दानास योग्य असलेल्या माणसालाही. पटकथास्पर्धेत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. संहितेतील पात्रे वाचली जाण्यापूर्वी संहितेच्या कर्त्याची पात्रता ठरलेली असते. परीक्षकासमोर संहिता नाव नसलेली येते हे खरे. पण ती ज्या दारातून येते त्या दारावर लेखकाची उत्पन्न, भाषा, सहलेखक आणि कथाबीजाचे मूळ या सर्व बाबतींत झडती झालेली असते. दारावर ज्याची इतकी कसून ओळख पटवली, त्याला आत गेल्यावर 'अनामिक' म्हणणे हे एक तर भाबडेपण आहे किंवा सोयीस्कर विस्मरण.

२

उदाहरण सर्वांत प्रतिष्ठित स्पर्धेचेच घ्यावे. ऑस्कर पारितोषिके देणाऱ्या 'अ‍ॅकॅडमी ऑफ मोशन पिक्चर आर्ट्‌स अँड सायन्सेस' या अमेरिकन संस्थेने डॉन निकल या दूरचित्रवाणी-लेखकाच्या स्मरणार्थ, त्यांच्या पत्नी जी निकल यांच्या देणगीतून, १९८० च्या दशकाच्या मध्यास पटकथालेखनासाठी फेलोशिप सुरू केली. २०१४ साली तिच्यासाठी साडेसात हजारांहून अधिक पटकथा आल्या. फेलोशिप मात्र वर्षाला फार तर पाच. अलीकडच्या वर्षांत फेलोशिपची रक्कम प्रत्येकी ३५ हजार डॉलर होती. ती हप्त्यांनी मिळे आणि त्या वर्षात एक नवी पूर्ण लांबीची पटकथा लिहून देण्याची अट असे. पहिल्या फेरीत प्रत्येक संहिता किमान दोन वाचकांकडे जाई, गुणांच्या आधारे ती वर चढे आणि शेवटच्या फेऱ्यांत अ‍ॅकॅडमीचे सदस्य ती वाचत. या सर्व प्रवासात संहितेवर शीर्षक असे, नाव नसे.

आता पात्रतेच्या अटी पाहाव्यात. पहिली अट उत्पन्नाची. पटकथालेखनातून ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक रक्कम मिळवलेला लेखक अपात्र. ही मर्यादा आधी ५ हजार डॉलर होती, पुढे ती २५ हजारांवर नेण्यात आली. दुसरी अट भाषेची. संहिता मूळ इंग्रजीत लिहिलेली असली पाहिजे. अनुवादित संहिता चालणार नाही. तिसरी अट मौलिकतेची. कादंबरी, कथा वा नाटक यांवर आधारलेले रूपांतर चालणार नाही. चौथी अट सहलेखनाची. एकाहून अधिक लेखक असतील तर सर्वांचा वाटा सारखा असला पाहिजे.

या प्रत्येक अटीला व्यावहारिक कारण आहे आणि ते कारण लटके नाही. व्यवसायात स्थिरावलेल्या लेखकाने नवोदिताच्या ताटातले उचलू नये, हे न्याय्यच आहे. रूपांतराला परवानगी दिली तर मूळ कृतीच्या हक्कांची भांडणे संस्थेच्या दारात येतील, ही भीतीही रास्त आहे. प्रश्न अटींच्या उपयुक्ततेचा नाही, त्यांच्या तात्त्विक सुसंगतीचा आहे. केवळ संहिताच तपासायची असेल तर लेखकाने पूर्वी किती डॉलर मिळवले याची चौकशी कशासाठी? आणि लेखकाची परिस्थिती न्यायाच्या दृष्टीने महत्त्वाची असेल तर 'आम्ही फक्त संहिता पाहतो' हा घोष कशासाठी? या दोन भूमिका एकाच नियमावलीत शेजारी शेजारी बसवल्या आहेत आणि त्यांच्यातील विसंगती झाकण्याचे काम खोडलेल्या नावाकडे सोपवलेले आहे.

उत्पन्नाची अट तर 'नवोदित' या वाङ्मयीन संकल्पनेची व्याख्या बाजारभावाने करते. १९८६ च्या फेलोंमध्ये जेफ्री युजेनिडीस होते. पुढे कादंबरीकार म्हणून त्यांना २००३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. या नियमाच्या दृष्टीने पुलित्झर मिळालेला कादंबरीकारही, त्याने पटकथेतून काही मिळवले नसेल तर, नवोदितच ठरतो. उलट दहा वर्षे दुसऱ्यांच्या पटकथांची किरकोळ डागडुजी करून पोट भरणारा आणि स्वतःच्या नावावर एकही चित्रपट नसलेला लेखक मर्यादा ओलांडली म्हणून 'प्रस्थापित' होतो. अनुभव, व्यासंग, भाषेवरील हुकमत यांपैकी काहीही येथे मोजले जात नाही. मोजली जाते ती पावती.

मौलिकतेच्या अटीचा विचार तर भारतीय नाट्यमीमांसेच्या वाचकाने अवश्य करावा. 'दशरूपक'कारांनी कथावस्तूचे प्रख्यात, उत्पाद्य आणि मिश्र असे तीन प्रकार सांगितले आणि नाटकासाठी प्रख्यात वस्तूच उचित मानली. कल्पित वस्तूला प्रकरणात स्थान दिले. त्या परंपरेत कवीची प्रतिभा कळे ती सर्वांना ठाऊक असलेल्या कथेला तो काय करतो यावरून. निकल नियमावलीपुढे महाभारतातून शकुंतला उचलणारा कालिदास अपात्र, रामकथेला हात घालणारा भवभूती अपात्र, आणि जुन्या इतिवृत्तांतून व इटालियन कथांतून नाटके रचणारा शेक्सपिअरही अपात्र. म्हणजे 'मौलिक' या शब्दाखाली येथे सोळाव्या-सतराव्या शतकानंतर युरोपात रुजलेली, कृतीला खाजगी मालमत्ता मानणारी एक विशिष्ट कल्पना प्रमाण धरली गेली आहे. हक्कांच्या भीतीने तसे करणे समजण्यासारखे आहे. परंतु मग तो वकिली निकष आहे असे सांगावे, त्याला वाङ्मयीन निकषाचे सोवळे नेसवू नये.

३

निनावीपणाचा इतिहास ज्यांना निर्मळ वाटतो त्यांनी याच संस्थेचे जुने दप्तर उघडून पाहावे. १९४७ साली अमेरिकन लोकप्रतिनिधिगृहाच्या समितीने चित्रपटव्यवसायातील साम्यवाद्यांची चौकशी आरंभिली. साक्ष देण्यास नकार देणाऱ्या दहा जणांना तुरुंगवास झाला आणि चित्रसंस्थांनी अशांना काम न देण्याचे जाहीर केले. हीच ती 'काळी यादी'. यादीतील लेखकांनी लिहिणे थांबवले नाही. त्यांनी नावे बदलली किंवा दुसऱ्यांची नावे उसनी घेतली. डाल्टन ट्रंबो यांनी लिहिलेल्या 'रोमन हॉलिडे' (१९५३) या चित्रपटाच्या कथेचे ऑस्कर इयन मॅक्लेलन हंटर यांच्या नावे गेले. १९५७ च्या समारंभात 'द ब्रेव्ह वन' या चित्रपटाच्या कथेबद्दल रॉबर्ट रिच या लेखकाला पारितोषिक जाहीर झाले आणि असा कोणी लेखक अस्तित्वातच नसल्याचे उघड झाले. तोही ट्रंबोच होता.

त्याच १९५७ साली अ‍ॅकॅडमीने पात्रतेचा एक नियम केला. साम्यवादी पक्षाचे सदस्यत्व कबूल करून त्याचा त्याग न केलेला किंवा चौकशी समितीपुढे उत्तर देण्यास नकार दिलेला कोणीही पारितोषिकास अपात्र राहील, असे तो सांगत होता. 'फ्रेंडली पर्सुएजन' (१९५६) या चित्रपटाच्या पटकथेला नामांकन मिळाले, पण तिचा लेखक मायकेल विल्सन अपात्र ठरला. संहिता योग्य, संहिता लिहिणारा अयोग्य! पुढच्याच वर्षी विल्सन आणि कार्ल फोरमन यांनी लिहिलेल्या 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'चे पटकथेचे ऑस्कर, जिच्या लेखनात त्यांचा हात नव्हता अशा पटकथेबद्दल, मूळ फ्रेंच कादंबरीचे लेखक पिएर बूल यांना देण्यात आले. नियम जानेवारी १९५९ मध्ये रद्द झाला. ट्रंबो यांच्या हाती 'द ब्रेव्ह वन'चे पदक १९७५ मध्ये पडले. 'रोमन हॉलिडे'चे १९९३ मध्ये, मृत्यूनंतर सतरा वर्षांनी. विल्सन आणि फोरमन यांचा हक्क १९८४ मध्ये मान्य झाला तेव्हा दोघेही हयात नव्हते.

या इतिहासाचा अर्थ नीट लावला पाहिजे. ट्रंबोच्या संहिता निनावी वाचल्या गेल्या आणि त्या श्रेष्ठ ठरल्या, म्हणजे अनामिक परीक्षणाचा विजयच झाला, असे म्हणणारे निघतील. पण त्या लेखकांनी झगडा केला तो आपले नाव परत मिळवण्यासाठी. त्यांच्या बाबतीत निनावीपण ही शिक्षा होती आणि ती शिक्षा देण्याचे हत्यार पात्रतेचा नियम हे होते. एकाच संस्थेत एका काळी नाव पुसणे हा दंड होता आणि तीसेक वर्षांनी तोच न्यायाचा पुरावा ठरला. तेव्हा नाव असणे वा नसणे यात स्वतःचे असे काहीही पुण्य वा पाप नाही. नाव कोण पुसतो, कोणाच्या इच्छेने पुसतो आणि पुसलेले नाव परत कधी देतो, हे विचारल्याशिवाय निनावीपणाचा न्यायाशी संबंध जोडता येत नाही.

४

अनामिक परीक्षणाच्या बाजूने साहित्यसिद्धान्ताची साक्ष काढली जाते तीही तपासली पाहिजे. रोलाँ बार्थ यांनी लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, म्हणून नाव खोडणे हे आधुनिक सिद्धान्ताला धरूनच आहे, असा युक्तिवाद विद्यापीठीय वर्तुळांत अधूनमधून ऐकू येतो. हा बार्थचा शुद्ध विपर्यास आहे. बार्थ यांना लेखक बाजूला हवा होता तो अर्थाची बहुविधता मोकळी व्हावी आणि वाचकाचा जन्म व्हावा म्हणून. स्पर्धेचा वाचक हा बहुविध अर्थांचा धनी नसतो. ढिगातील संहिता उरकायची असलेला, गुणपत्रिका भरणारा तो एक कर्मचारी असतो. त्याच्या हाती आल्यावर संहितेचे बहुविध अर्थ एका आकड्यात गोठतात. मिशेल फूको यांनी १९६९ मध्ये मांडलेला प्रश्न येथे अधिक उपयोगी आहे. लेखक ही व्यक्ती नसून संहितांचे वर्गीकरण, मालकी आणि जबाबदारी ठरवणारे एक कार्य आहे, असे ते म्हणतात. या दृष्टीने पाहिले तर स्पर्धेच्या नियमावलीत लेखक कोठेही मेलेला नाही. पात्रतेच्या प्रत्येक कलमात तो जिवंत आहे, स्वाक्षरी करतो आहे, मौलिकतेची हमी देतो आहे. फक्त परीक्षकाच्या टेबलापुरता त्याला पडद्याआड उभे केले आहे.

याहून महत्त्वाची साक्ष आय. ए. रिचर्ड्‌स यांची आहे. केंब्रिज येथे त्यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता तेरा कविता वाचायला दिल्या आणि त्यांच्या लेखी प्रतिक्रियांचे विश्लेषण १९२९ मध्ये 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या ग्रंथात प्रसिद्ध केले. या प्रयोगाला नव्या समीक्षेने आपले आद्यपीठ मानले. परंतु त्याचे निष्कर्ष अनामिक परीक्षणाच्या पुरस्कर्त्यांना मुळीच सोयीचे नाहीत. नाव काढून घेतल्यावर वाचक निर्मळ झाले नाहीत. ते अधिक चाचपडले. साचेबंद प्रतिसाद, भावविवशता, अप्रस्तुत आठवणी, तंत्राविषयीचे पूर्वग्रह यांचा त्यांनी आधार घेतला. जॉन डन, हॉपकिन्स यांच्यासारख्यांच्या कविताही प्रतिकूल आणि गोंधळलेल्या प्रतिक्रियांतून सुटल्या नाहीत. रिचर्ड्‌स यांच्या प्रयोगात परीक्षा कवितांची झालीच नाही, झाली ती वाचकांची. शिवाय त्या प्रयोगात वाचकाला आपल्या मताची कारणे लिहून द्यावी लागत होती, म्हणून तर त्याचे पूर्वग्रह पकडता आले. पटकथास्पर्धांनी रिचर्ड्‌सचा निनावीपणा घेतला आणि त्याची कारणमीमांसा टाकून दिली. औषध फेकून बाटली जपण्यातला हा प्रकार आहे.

५

यावर एक गंभीर आक्षेप येईल आणि तो टाळता कामा नये. नाव दिसल्याने अन्याय होतो, हे केवळ अनुमान नाही; त्याचे पुरावे आहेत. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी कंपन्यांकडे सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जदारांना प्रतिसाद मिळण्याची शक्यता कमी असल्याचे त्यात दिसून आले. आडनावातून जात वाचण्याची कला ज्या समाजात अक्षरओळखीच्याही आधी शिकवली जाते, त्या महाराष्ट्रातील वाचकाला हे वेगळे पटवून देण्याची गरज नाही. तेव्हा नाव खोडण्याची प्रथा मोडीत काढा, असे म्हणणे म्हणजे दुर्बलाच्या हातातील काठी काढून घेणे होय.

हा आक्षेप मान्यच केला पाहिजे. पण तो मान्य केल्यावर नेमके काय सिद्ध होते? नाव झाकल्याने एक हानी टळते, इतकेच. न्याय झाला, हे त्यातून सिद्ध होत नाही. बाबूराव बागूल यांच्या १९६३ मधील 'जेव्हा मी जात चोरली होती' या संग्रहाच्या शीर्षकातच हा भेद मराठी साहित्याने नोंदवून ठेवला आहे. लपवणे भाग पडते ते समाज आजारी असतो म्हणून. लपवल्याने आजार बरा होत नाही आणि लपवणाऱ्याला चोराची भाषा वापरावी लागते. दलित साहित्याने पुढे जी वाट धरली ती नाव लपवण्याची नव्हतीच. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या वस्तीच्या भाषेत, 'हे माझे जगणे आहे' असे सांगत ते साहित्य उभे राहिले आणि मूल्यमापनाचे जुने निकष अपुरे आहेत असे त्याने बजावले. निकष तसेच ठेवून फक्त नाव झाकले असते, तर ती आत्मकथने विस्कळीत, अशुद्ध आणि रचनाहीन म्हणून पहिल्याच फेरीत बाद झाली असती.

अनामिकतेच्या समर्थनार्थ वाद्यवृंदांचा दाखला नेहमी दिला जातो. अमेरिकेतील अनेक वाद्यवृंदांनी १९७० नंतर उमेदवाराला पडद्याआड बसवून वाजवायला लावण्याची पद्धत स्वीकारली. त्यामुळे स्त्रियांची निवड वाढली, असा निष्कर्ष क्लॉडिया गोल्डिन आणि सिसिलिया राउझ यांनी २००० मध्ये मांडला. त्याच्या संख्याशास्त्रीय बळकटीविषयी पुढे वाद झाले, तो भाग निराळा. येथे लक्षात घ्यायचे ते हे, की पडद्याआडचा वादक ठरलेली स्वरलिपी वाजवत असतो. ती कशी वाजली पाहिजे याविषयी परीक्षकांत मोठ्या प्रमाणात सहमती असते. पटकथाकार स्वरलिपी वाजवत नाही, ती रचतो. निकष आधीच ठरलेला असेल तेथे पडदा उपकारक आहे. निकष हाच वादाचा विषय असेल तेथे पडदा त्या वादालाही झाकून टाकतो.

६

नाव गेल्यावर संहितेच्या पानावर काय उरते? उरते ते वळण. कुरियर टंक, बारा बिंदूंचा आकार, समासांची ठरीव रुंदी, एक पान म्हणजे पडद्यावरील सुमारे एक मिनिट हा हिशेब, आणि अमुक पानापर्यंत संघर्ष उभा राहिलाच पाहिजे ही अपेक्षा. हे संकेत अमेरिकन चित्रपटउद्योगाच्या निर्मितिव्यवस्थेतून आले आहेत आणि त्या व्यवस्थेत ते उपयुक्तही आहेत. पण निनावी संहितेच्या गर्दीत हेच संकेत लेखकाचे ओळखपत्र बनतात. कोण प्रशिक्षणशाळेत जाऊन आला, कोणाला पटकथेची पाठ्यपुस्तके आणि सॉफ्टवेअर परवडले, कोण उद्योगाच्या परिघात वावरतो, हे पहिल्या दोन पानांत कळते. नाव पुसले तरी बोली पुसली जात नाही. आडनावावरून जात कळत नसली तरी उच्चारावरून ती ताडणारे असतातच. येथे उच्चाराची जागा मांडणीने घेतली आहे.

भाषेच्या अटीत हा प्रकार अधिक उघडा पडतो. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी या चार भाषांत वावरतो. न्यायालयात कोण कोणत्या भाषेत बोलतो, कोणाला कोणती भाषा कळत नाही आणि कायद्याची भाषा कोणाच्या मालकीची आहे, हाच त्याच्या आशयाचा एक कणा आहे. २०१५ मध्ये भारताने तो परभाषिक चित्रपटाच्या ऑस्करसाठी अधिकृतपणे पाठवला आणि अ‍ॅकॅडमीच्या सदस्यांनी तो उपशीर्षकांच्या साहाय्याने पाहिला. अशा जातीची पटकथा त्याच अ‍ॅकॅडमीच्या निकल स्पर्धेत मात्र पाऊल ठेवू शकत नव्हती. अनुवाद करून नाही आणि मूळ रूपात तर नाहीच. दुसऱ्या दारावर याच्या उलट नियम आहे. परभाषिक गटासाठी संवाद प्रामुख्याने इंग्रजीखेरीज अन्य भाषेत असले पाहिजेत. २०१९ मध्ये त्या गटाचे नाव 'आंतरराष्ट्रीय' असे बदलण्यात आले आणि त्याच वर्षी नायजेरियाचा 'लायनहार्ट' हा चित्रपट संवाद बहुतांशी इंग्रजीत असल्याच्या कारणाने बाद झाला. इंग्रजी ही नायजेरियाची राजभाषा आहे. एका दारावर इंग्रजी नाही म्हणून अडवायचे आणि दुसऱ्या दारावर इंग्रजी आहे म्हणून! वासाहतिक इतिहासाने ज्यांची जीभ द्विभाषिक केली, त्यांना दोन्ही दारांवर जिभेचा हिशेब द्यावा लागतो. येथे नाव झाकले काय आणि उघडे ठेवले काय, फरक कोणता पडतो?

७

इतके म्हटल्यावर एक धोका संभवतो आणि तो प्रत्यक्षात उतरलेलाही आहे. अनामिक परीक्षण हा भ्रमच असेल तर त्याचा आग्रह कशाला, असे म्हणत दार लावून घेण्याची सोय त्यातून होते. २०२५ मध्ये अ‍ॅकॅडमीने निकल फेलोशिपची रचना बदलली. विद्यापीठीय अभ्यासक्रम, पटकथालेखनाच्या प्रयोगशाळा आणि चित्रपटकारांसाठीचे उपक्रम यांना भागीदार करून घेण्यात आले. या संस्थांनी संहिता चाळून पुढे पाठवायच्या आणि अ‍ॅकॅडमीच्या सदस्यांनी त्या वाचायच्या. कोणत्याही संस्थेचे पाठबळ नसलेल्या सर्वसामान्य लेखकासाठी 'द ब्लॅक लिस्ट' या व्यासपीठाचे एक दार ठेवण्यात आले. तेथे संहिता ठेवण्यासाठी आणि तिचे मूल्यमापन करून घेण्यासाठी शुल्क आकारले जाते. हे व्यासपीठ फ्रँकलिन लिओनार्ड यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या, न निघालेल्या चांगल्या पटकथांच्या वार्षिक यादीतून वाढले आणि त्याच्या नावात मॅकार्थीकालीन काळ्या यादीतील लेखकांचे स्मरणही आहे. इतिहासाची वक्रोक्ती अशी, की एके काळी ज्या यादीने लेखकाला संस्थेबाहेर काढले तिच्याच नावाची यादी आज संस्थेबाहेरच्या लेखकाचे प्रवेशद्वार झाली आहे.

सात-सात हजार संहिता वाचून घेणे कोणत्याही संस्थेला जड जाईल, हे मान्य. परंतु या बदलाचा सैद्धान्तिक अर्थ स्पष्ट आहे. आता संहितेबरोबर लेखकाचे नाव आले नाही तरी त्याचे गोत्र येते : कोणत्या विद्यापीठाचा, कोणत्या प्रयोगशाळेचा, कोणाच्या शिफारशीचा. जुन्या व्यवस्थेत लाख उणिवा होत्या. तरी शुल्क भरू शकणारा, इंग्रजी लिहू शकणारा, पण कोणाच्याही ओळखीचा नसलेला माणूस आपली संहिता थेट अ‍ॅकॅडमीच्या वाचकाच्या टेबलावर ठेवू शकत होता. तो हक्क खोडलेल्या नावामुळे मिळालेला नव्हता. तो मिळाला होता उघड्या दारामुळे. अनामिकतेचे भक्त इतकी वर्षे खोडलेल्या नावाची पूजा करीत राहिले आणि दाराकडे त्यांनी पाहिले नाही. म्हणूनच दार अरुंद झाले तेव्हा काय गेले हे सांगायला त्यांच्याकडे शब्द उरले नाहीत. आणि प्रत्येक निकष हा सत्तेचाच खेळ असतो, असे म्हणून हात झटकणाऱ्या उत्तर-आधुनिक समीक्षकाने तर दार लावणाऱ्यांच्या हाती आयतीच कडी दिली. सगळेच परीक्षण पक्षपाती असेल तर शिफारशीचे परीक्षण वाईट का, याचे उत्तर त्याच्याजवळ नाही. पक्षपातांतही फरक असतो. काही पक्षपात कारणे देऊन उघड करता येतात, तपासता येतात, दुरुस्त करता येतात, आणि काही दारातच निकाल लावून मोकळे होतात. हा फरक करता येणे हेच समीक्षेचे काम आहे.

८

मग अपेक्षा कोणत्या ठेवाव्यात? पहिली अशी, की पात्रतेचे नियम हे संस्थेचे सांस्कृतिक धोरण आहे हे मान्य करून प्रत्येक नियमाचे कारण नियमासोबतच छापावे. उत्पन्नाची मर्यादा सामाजिक न्यायासाठी असेल तर तसे म्हणावे. भाषेची मर्यादा वाचकांच्या सोयीसाठी असेल तर तेही म्हणावे. सोय हा अपराध नाही. सोयीला गुणवत्ता म्हणणे हा आहे. दुसरी अशी, की निनावी संहितेला सनाम, सकारण निर्णय मिळावा. अमेरिकेतील पटकथालेखकांच्या संघटनेत श्रेयाचा तंटा निघाला की लवाद बसतो. त्यात लेखकांना 'लेखक अ', 'लेखक ब' अशीच ओळख असते, लवादाचे सदस्य स्वतः लेखक असतात, ते सर्व मसुदे वाचतात आणि आपल्या निर्णयाची कारणे लेखी देतात. सदस्यांची नावे तेथेही गुप्त राहतात ही त्या पद्धतीची उणीव आहे. पण कारण देण्याचे बंधन तिने मानले आहे. ज्या व्यवसायात श्रेयाच्या एका ओळीसाठी इतकी काळजी घेतली जाते, त्याच व्यवसायाच्या स्पर्धांत शेकडो दिवसांच्या श्रमाला नुसता एक आकडा का मिळावा? प्राचीन अथेन्सच्या नाट्यस्पर्धांत नाटककारांची नावे उघड असत. परीक्षकांची निवड मात्र चिठ्ठ्या टाकून होई. संशयाची सुई कोणाकडे असावी, हे त्या लोकांना अधिक बरे कळले होते.

तिसरी अपेक्षा अनुवादाची. पटकथा हे मुळातच अनुवादासाठी लिहिलेले लेखन आहे. शब्दांतून दृश्यात जाणे हेच तिचे प्रयोजन. अशा लेखनप्रकाराच्या स्पर्धेत एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेलेली संहिता भ्रष्ट मानावी, यासारखा तर्कदोष दुसरा नाही. अनुवादकाचे नाव देऊन, मूळ संहिता सोबत जोडून हे करता येण्यासारखे आहे.

मराठीतील अभ्यासकाने या वादाकडे दूरदेशीची गोष्ट म्हणून पाहू नये. संहितेवर नाव नसले की परीक्षकाचे काम संपले, ही वृत्ती येथेही पाय रोवू शकते. शोधनिबंधांच्या परीक्षणापासून एकांकिकांच्या निवडीपर्यंत तिला पुष्कळ जागा मोकळ्या आहेत. रूपवादी समीक्षेने संहितेची स्वायत्तता शिकवली, तिची किंमत कमी नाही. परंतु स्वायत्तता ही वाचनाअंती मिळवायची गोष्ट आहे. शीर्षकपानावरचे नाव कात्रीने कापून ती वाचनाआधीच हाती येत नाही. नाव खोडावेच, ते खोडणाऱ्याने आपले नाव मात्र लिहावे, आणि त्याखाली कारणही.